डाव्या बाजूचा हात

गाडी सावलीत धुवायची, हे मला पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उन्हात पाणी पत्र्यावरच वाळतं आणि पांढरे डाग राहतात. आमच्याकडचं बोअरचं पाणी तर इतकं खारट की भांड्यांवरही डाग पडतात. म्हणून त्या शनिवारी सकाळची शाळा करून आल्यावर मी जेवले, थोडा अभ्यास केला आणि शेजारच्यांच्या भिंतीची सावली पिकअपवर यायची वाट बघत दारात बसून राहिले.

पिकअप घेऊन आम्हाला दोनच महिने झाले होते. त्याआधी पप्पा दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचे. ही जुनीच, पण आमची. अजिंठ्याच्या धोंडिबा नावाच्या माणसाकडून घेतलेली, पांढऱ्या रंगाची. सोमवारी ती शेंद्र्याच्या एका कंपनीत दाखवायला न्यायची होती. तिथं माल पोचवायचं कायमचं काम मिळणार होतं, पण गेटवरचा माणूस आधी गाडी तपासणार, घासलेले टायर असले तर बाहेरूनच परत पाठवणार, असं पप्पांना कळलं होतं. म्हणून शनिवारी गाडी धुवायची, रंग कुठं उडालाय ते बघायचं आणि रविवारी टायर घ्यायचे, असं ठरलं होतं.

आई कपडे खळबळलेलं पाणी बादल्यांत साठवून ठेवते. गाडीला तेच वापरायचं आणि शेवटी फक्त एक बादली चांगलं पाणी. मी वरून सुरुवात केली. आधी टप, मग काच, मग बॉनेट, मग मागचा हौदा आणि टायर सगळ्यांत शेवटी. धूळ कोरडी असताना फडकं घासायचं नाही, नाहीतर रंगावर ओरखडे येतात. आधी पाणी सोडायचं, धूळ स्वतःहून सुटू द्यायची. मला हे काम आवडतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

माझा आवाज लहान आहे. वर्गात हजेरीच्या वेळी मी ‘उपस्थित’ म्हणते, पण ते मॅडमपर्यंत पोचत नाही आणि महिन्यातून एकदोनदा मी वर्गात बसूनही गैरहजर असते. पप्पांची गाडी मागं घेताना पाठीमागं मीच उभी राहते. आमची गल्ली अरुंद आहे, शेवटी भिंत आहे आणि मुलं खेळत असतात, म्हणून कुणी मागं उभं असल्याशिवाय पप्पा गाडी मागं घेतच नाहीत. सुरुवातीला ते म्हणायचे, जोरात ओरड, मला ऐकू येत नाही. मी ओरडायचे, पण इंजिनपुढं ते काहीच नसायचं. मग त्यांनीच तोड काढली. तोंडानं बोलायचं नाही, हौद्याच्या पत्र्यावर हातानं थाप द्यायची. दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे थांबा. तेव्हापासून आमचं कधी चुकलं नव्हतं.

काच ओली झाली तशी तिच्यावर अक्षरं दिसली. आधीच्या मालकानं वर नाव चिकटवलं असणार आणि विकताना खरवडून काढलं असणार. कोरड्या काचेवर काही कळत नसे. पाण्याखाली मात्र गोंदाची पुसट रेघ राहिली होती आणि ती वाचता येत होती. ‘रूपा’. गाड्यांवर लोक मुलांची नावं लिहितात, तसं असेल, असं मला वाटलं. पप्पाही माझं नाव लिहिणार होते. मीच नको म्हटलं होतं.

मग मी डाव्या बाजूला गेले. मागच्या चाकाच्याही मागं, हौद्याच्या कोपऱ्यापाशी, रंगाची चमक गेलेली एक जागा होती. पोचा नव्हता, ओरखडाही नव्हता. फक्त तेवढाच रंग मऊ आणि मंद झाला होता, जसा दाराच्या कडीभोवतीचा होतो. कुणीतरी पुष्कळ दिवस त्याच जागी हात ठेवला असावा, असा. मी माझा तळवा तिथं लावून बघितला. माझा हात त्या जागेपेक्षा मोठा होता आणि मला तिथं पोचायला थोडं वाकावं लागलं.

तेवढ्या जागेचा पत्रा गार होता. एप्रिल महिना होता, दिवसभर गाडी तापलेली होती, बाकी सगळा पत्रा अजून कोमट होता. मी त्याच्यावर पाणी ओतलं. आजूबाजूचं पाणी ओघळत राहिलं, पण त्या जागेवरचं आधी वाळलं. आधी मधे एक गोल कोरडा झाला, मग त्यातून वर पाच बारीक रेघा निघाल्या.

मी फडकं घेऊन उजव्या बाजूला आले आणि काम चालू ठेवलं. फडकं पिळत होते तेव्हा पलीकडून आवाज आला. थप्. एकच. मी खाली वाकून गाडीच्या खालून पलीकडं बघितलं. ओली माती आणि माझी बादली, एवढंच होतं.

संध्याकाळी मी पप्पांना आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, पत्रा तापतो, मग निवतो, त्याचा आवाज होतो. खरंच होतो. आमच्या घरात भूतबाधा, नजर, लिंबूमिरची यांतलं काही मानत नाहीत. आजोबांपासून नाही. गाडी घरी आणली तेव्हा शेजारच्या काकूंनी प्रेमानं लिंबू दिलं होतं, चाकाखाली ठेवायला. आईनं त्याचं सरबत केलं आणि काकूंनाच प्यायला दिलं. त्यामुळे मी पाच रेघांचं कुणाला बोलले नाही. मी स्वतःलाही सांगितलं की क्षार आहेत, क्षारांचे आकार कसेही होतात.

रविवारी सकाळी पप्पा मला टायर घ्यायला बरोबर घेऊन गेले. टायरवर बारीक उठावाची अक्षरं असतात, ती त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाहीत आणि चष्मा लावायला त्यांना आवडत नाही. नगर रोडवर रऊफचाचांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवेचं मशीन आणि तिन्ही बाजूंनी टायरच टायर. आत नवे, कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले, आणि शेडच्या मागच्या टोकाला जुन्यांचा ढीग, माझ्या छातीएवढा. नव्या रबराचा वास मला आवडतो. जुन्यांचा नाही. त्यांत साचलेलं पाणी कुजलेलं असतं.

चाचांनी आमच्या मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि पप्पांना जवळ बोलावलं.

“सखारामभाई, तार दिखरा देखो. इसपे शेंद्रा जाते तुम?”

पप्पा म्हणाले, पुढं नवे टाकू आणि मागं रिमोल्ड, म्हणजे नवं रबर चढवलेले जुने टायर, चालवून घेऊ, सगळे तेच करतात. चाचा हसले. म्हणाले, सारं वजन मागं आणि मागंच लोक जुनं टाकतात, मग ब्रेकला नावं ठेवतात. पप्पांनी स्वतः त्या टायरवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, दाखवा नवे.

चाचांनी एकसारखे दिसणारे टायर काढून उभे केले. दोघं नक्षी बघत होते, कोणती चिखलात धरते, कोणती डांबरावर. मी त्यांच्या बाजूनं फिरत होते. टायरच्या अंगावर एका लांबट गोलात आकडे असतात, त्यावरून तो कधी बनला ते कळतं, हे मला पप्पांनीच शिकवलं होतं. एका टायरवर बाकीच्यांपेक्षा फार जुनं साल होतं. मी काही बोलले नाही, त्या आकड्यावर बोट ठेवून उभी राहिले. पप्पांचं लक्ष गेलं. मग चाचांचं.

“ये बच्ची बोलती कम, देखती ज्यादा,” चाचा म्हणाले आणि तो टायर त्यांनी ढकलत आत नेला. “इसको दुकान पे बिठाके जाओ भाई.”

चारही नवे घ्यायचे ठरले. गाडी शेडमध्ये जॅकपाशी मागं घ्यायची होती. डाव्या हाताला शेडची भिंत होती आणि मागं तो जुन्या टायरांचा ढीग. पप्पांनी गाडी भिंतीला अगदी लागून घेतली, कारण आधी उजवीकडची चाकं काढायची होती आणि चाचांच्या माणसांना तिकडं जागा हवी होती. मी मागं गेले, ढीग आणि हौद्याचा मागचा फाळका यांच्यामध्ये, उजव्या कोपऱ्यापाशी.

मी दोन थापा दिल्या. गाडी हळूहळू मागं आली. मी मागं सरकत राहिले. पाठीला टायर लागले तेव्हा मी एक थाप द्यायला हात उचलला. पप्पा माझ्या आधीच अंदाजानं थांबले. इंजिन चालू होतं. ते वाट बघत होते, माझ्या हाताची.

माझा हात अजून हवेत होता.

थप्… थप्.

डाव्या बाजूनं. ओल्या तळव्याचा आवाज होता तो, स्वच्छ, दोन वेळा. आणि गाडी मागं आली.

फाळका माझ्या पोटाला लागला आणि मी ढिगात दाबली गेले. जुने टायर मऊ असतात, ते दबले, म्हणून मी हे सांगते आहे. माझं तोंड उघडं होतं, पण त्यातून काहीही निघत नव्हतं. माझे दोन्ही हात फाळका आणि मी यांच्यामध्ये अडकले होते, त्यामुळे थापही देता येत नव्हती. चाचा ओरडले. तेव्हा गाडी थांबली आणि पुढं गेली.

पप्पा खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी माझे हात, खांदे, पाठ सगळं चाचपून बघितलं. मग फार हळू आवाजात विचारलं, दोन का दिल्यास?

“मी दिल्याच नाहीत,” मी म्हटलं.

 मी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत आहे. ते डाव्या बाजूला गेले. मीही गेले. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माझं दप्तरसुद्धा मावलं नसतं. पप्पांनी त्या फटीत हात घालून बघितला. कोपऱ्यापर्यंत त्यांचा हात जाईना.

चाचांनी मला पाणी दिलं आणि स्टुलावर बसवलं. नंतर टायर बसेपर्यंत ते एकदाही हसले नाहीत. घरी येताना पप्पा म्हणाले, माझंच ऐकण्यात चुकलं असेल, तुझ्या आईला सांगू नकोस. पण ते गाडी फार हळू चालवत होते आणि डाव्या आरशात सारखं बघत होते.

दुपारी धोंडिबा आले. गाडी पप्पांच्या नावावर व्हायला त्यांच्या सह्या लागणार होत्या, म्हणून ते एसटीनं आले होते. उंच, वाळके, डोक्याला पांढरा फेटा. आईसाठी पिशवीभर चिंच आणली होती. पप्पांनी खुर्ची दारात ठेवली. ते बसले, समोर पिकअप दिसली, तसे उठले, खुर्ची फिरवली आणि गाडीकडं पाठ करून बसले.

सह्या झाल्या. चहा झाला. यंदा मेंढरं कुणाच्या शेतात बसवलीत, चारा मिळतो का, असं पप्पांनी विचारलं आणि ते तुटक उत्तरं देत राहिले. मग त्यांनी विचारलं, टायर नवे दिसतात, जुने काय केले. पप्पा म्हणाले, टायरवाल्याला देऊन टाकले.

“बरं केलं,” धोंडिबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, कपाकडं बघत, “पाठीमागं कोन उभं ऱ्हातं?”

पप्पांनी माझ्याकडं हात केला. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. धोंडिबांनी मला बघितलं. इतका वेळ त्यांनी मला बघितलं नव्हतं, किंवा बघायचं टाळलं होतं.

“बोलत नाय का ही?”

“कमी बोलते,” आई म्हणाली. “आवाजच बारीक आहे तिचा.”

“मग थाप देत आसंल.”

मी मान हलवली. ते म्हणाले, कशी देती. पप्पांनी सांगितलं, दोन म्हणजे या, एक म्हणजे थांबा. आणि मग पप्पा थांबले, कारण धोंडिबांनी कप खाली ठेवला होता.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी, मागचंपुढचं करत सांगितलं. ते या गाडीतून मेंढ्या न्यायचे. त्यांची मुलगी रूपा मागं उभी राहायची. तीही बोलायची नाही. तिलाही थाप शिकवली होती, पण त्यांची रीत वेगळी होती. हौद्यात मेंढ्या असल्या की पत्र्याला एखादा ठोका कधीही बसतो, खुराचा, शिंगाचा. त्या एका ठोक्यावर थांबत बसलं तर गाडी हलायचीच नाही. म्हणून एक ठोका आला तर चालू ठेवायचं. लागोपाठ दोन आले, तरच थांबायचं. दोन थापा मेंढी देत नाही.

एक दिवस धोंडिबांना ताप होता. बाजाराला मेंढ्या पोचवायच्या होत्या, म्हणून त्यांनी दुसरा ड्रायव्हर बोलावला. रीत त्याला सांगायची राहून गेली. त्याच्या हिशोबानं दोन म्हणजे या.

“तिनं दोन दिल्या,” धोंडिबा म्हणाले. “तो आला. तिनं परत दोन दिल्या… तो परत आला. लोकांनी ऐकलं. पोरगी थापा देत व्हती आन् तो येत व्हता.”

आईनं पदर तोंडाला लावला. पप्पांनी विचारलं, हे गाडी विकताना का नाही सांगितलं. धोंडिबा म्हणाले, सांगितलं असतं तर कुणी घेतली नसती, आणि मला ती दारात बघवत नव्हती. एवढं बोलून ते उठले. जाताना मात्र गाडीजवळ गेले. डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यापाशी वाकले आणि त्यांनी त्या मंद झालेल्या जागेवर आपला तळवा ठेवला. जागा न शोधता, अंधारात आपण दिव्याचं बटण दाबतो तसा. थोडा वेळ ठेवला. मग पिशवी घेऊन ते गल्लीतून चालत गेले. वळून बघितलं नाही.

मी तिथंच उभी होते आणि एक गोष्ट माझ्या मनात हळूहळू उलगडत गेली. सकाळी शेडमध्ये, माझ्या पाठीला टायर लागले होते तेव्हा, कुणीतरी दोन थापा दिल्या होत्या. तिच्या रीतीनं दोन म्हणजे थांब. ती मला दाबायला बघत नव्हती. ती पप्पांना सांगत होती, थांबा, मागं मुलगी आहे.

मला रडू आलं, पण भीतीचं नाही. मला वाटलं, आपण सांगतो ते समोरच्याला उलटंच ऐकू जातं, याच्याइतकं वाईट काही नसेल. आणि तरी ती अजून सांगत होती.

पप्पांनाही ते कळलं असणार. ते पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले, भुताबिताचं काही नाही, कुठला तरी आवाज असेल. पण त्या पोरीची रीत आपल्यापेक्षा बरी आहे. एक ठोका कशानंही बसतो, दोन चुकून बसत नाहीत.

“आजपासून दोन म्हणजे थांब,” ते म्हणाले. “एक म्हणजे येऊ द्या. लक्षात ठेवशील?”

मी हो म्हटलं. ते आत गेल्यावर मी बादली भरली. टायर बसवताना गाडीला सगळीकडं काळे हात लागले होते, म्हणून ती पुन्हा धुवायची होती. मी डाव्या बाजूपासून सुरू केलं. मी त्या जागेवर फडकं दाबून घासलं नाही, नुसतं पाणी सोडलं. आणि हळूच, मलाच ऐकू येईल इतक्या आवाजात, तिला सांगितलं की आता आम्ही तुझ्यासारखं करणार आहोत.

तेव्हा मला वाटलं नव्हतं की तीही मला दोन महिने बघत होती.

दिवेलागणीला गाडी गल्लीच्या टोकाला भिंतीपाशी लावायची होती. धुतल्यामुळं माती ओली होती. मुलं घरात गेली होती, कुठंतरी कुकरची शिट्टी होत होती. नव्या टायरांवरचे बारीक रबरी काटे अजून झिजले नव्हते. मी भिंत आणि फाळका यांच्यामध्ये उजव्या कोपऱ्याला उभी राहिले. पप्पांनी काच खाली घेतली आणि आत गाणं वगैरे काही न लावता इंजिन चालू केलं.

मी एक थाप दिली. गाडी येऊ लागली. नव्या रीतीची मला भीती वाटत होती, म्हणून मी मनात म्हणत होते, दोन म्हणजे थांब, दोन म्हणजे थांब. भिंत एका हातावर आली तशी मी पत्र्यावर दोन थापा दिल्या. गाडी लगेच थांबली. मी श्वास सोडला. पप्पांनीही सोडला असेल. मागचा पांढरा दिवा अजून पेटलेला होता, म्हणजे गाडी अजून रिव्हर्समध्येच होती.

आणि डाव्या बाजूनं आवाज आला.

थप्.

एकच.

तो आवाज कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. घाबरलेला नव्हता. काळजीपूर्वक दिलेला होता, नवीन शिकलेली गोष्ट मुलं करून दाखवतात तसा. एक म्हणजे थांबा. आमची रीत. मी तिची शिकले होते, आणि सकाळी जे झालं ते बघून ती माझी शिकून बसली होती.

पप्पांनी ऐकलं, एक. आजपासून एक म्हणजे येऊ द्या.

गाडी मागं आली. माझ्यामागं जुने टायर नव्हते, भिंत होती. थाप देऊन आता काही उपयोग नव्हता, कारण कोणती थाप कुणाला काय सांगते आहे, हे मलाच माहीत नव्हतं. फाळका माझ्या ओढणीला लागला, मग बरगड्यांना. आणि मी ओरडले. “पप्पा, थांबा… थांबा!” असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. तो भिंतीवर आपटून परत आला. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. गाडी थांबली, मग पुढं सरकली.

पप्पांनी मला जवळ घेतलं. मी रडत होते की ते, आठवत नाही. नंतर त्यांनी टॉर्च घेऊन डाव्या बाजूला बघितलं. ओल्या मातीत नव्या टायरची नक्षी उठली होती. गाडी कुठं थांबली, कुठं परत निघाली, सगळं दिसत होतं. त्याच्या बाजूला एकही पाऊल नव्हतं. पत्रा अजून ओला होता, थेंब ओघळत होते. फक्त कोपऱ्यातल्या त्या जागेवर एक लहान हात कोरडा होता.

पप्पांनी टॉर्च बंद केली. भिंतीला टेकून ते म्हणाले, आता थापा नकोत. कुणाच्याच नकोत.

सोमवारी शेंद्र्याला गाडी गेली. तपासणारा माणूस टायर बघून खूश झाला आणि काम मिळालं. पप्पा रोज सकाळी जातात. कंपनीत मागं उभा राहायला त्यांचा माणूस असतो, शिट्टी वाजवतो. तिथं कधी काही ऐकू येत नाही, असं पप्पा म्हणतात. घरी आल्यावर मागं मीच असते आणि मी तोंडानं सांगते. आता माझा आवाज इंजिनच्या वर जातो. वर्गातही जातो. मॅडम आता मला गैरहजर मांडत नाहीत.

दर रविवारी मी गाडी धुते. ती जागा अजून मंदच आहे, पण आता बाकीच्या पत्र्यासारखी वाळते. थाप त्या संध्याकाळनंतर आलेली नाही. आईला वाटतं, संपलं.

मला तसं वाटत नाही. कारण संध्याकाळी पप्पा गाडी मागं घेत असतात, भिंत जवळ येत असते, मी ‘थांबा’ म्हणायला छाती भरून श्वास घेते. आणि त्याच क्षणी, गाडीच्या डाव्या बाजूला, जिथं कुणी नसतं, तिथं आणखी कुणीतरी श्वास भरून घेतं.

अजून ती काही बोललेली नाही. पण ती लवकर शिकते.

आणि थांबा म्हणायला तिच्या घरी कोणता शब्द होता, ते धोंडिबांना विचारायचं राहून गेलं.